वज्रमुठ्याचे खिसे

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. माझा स्वतःचा बसला नसता, पण मी तिथे हजर होतो, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

विषय निघाला नातीमुळे. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती आणि एकेक कागद चुरगाळून खाली टाकत होती. एक उचलून बघितला. माणूस झकास काढला होता. नाक, डोळे, शर्टाच्या चुण्या, सगळं जागच्या जागी. मनगटाशी आलं की घोडं अडलेलं. एका हाताच्या जागी केळ्यांचा घड, दुसऱ्याच्या जागी झाडाची मुळं.

"हात जमतच नाहीत, आजोबा," ती म्हणाली.

"मग खिशात घाल."

"असं कुठे असतं का?"

"होतं. वज्रमुठ्याचं होतं."

समोर वाटाणे सोलत बसलेल्या माझ्या बायकोने मान वर केली नाही, फक्त एक वाटाणा जरा जोरात वाटीत टाकला. याचा अर्थ 'झालं यांचं सुरू' असा होतो. इतक्या वर्षांच्या संसारात मला वाटाण्यांची भाषा कळायला लागली आहे.

वज्रमुठ्या हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना आता आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते कबूल करत नाहीत. पण एके काळी आमच्या शहरात महापौरापेक्षा जास्त पत्रं त्याला यायची, आणि महापौराच्या पत्रांत असतात तशा शिव्या त्यात नसायच्या.

त्याचा जन्म झाला खोकल्याच्या औषधातून. मी ज्या छापखान्यात नोकरीला होतो तिथे औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापत. थंडीत लोक खोकायला लागले की यंत्राला उसंत नसायची, आणि उन्हाळ्यात खोकले बरे झाले की यंत्र गप्प. गप्प यंत्र बघून मालकांच्या पोटात दुखायचं. एका उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात आलं की मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढायचं आणि त्यात एक महाबली नायक आणायचा. तो दिसतो कसा, राहतो कुठे, करतो काय, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. नाव तेवढं ठरलं. मालकांनी लगोलग नावाचा जस्ताचा ठसाही पाडून घेतला. 'वज्रमुठ्या', प्रत्येक अक्षरातून विजा निघतायत असा. ठसा इतका महागात पडला की पुढे आभाळ कोसळलं तरी नाव बदलणं शक्य नव्हतं.

"ज्याची मूठ म्हणजे वज्र," मालक म्हणाले. "एक ठोसा, की डोंगर सपाट. आता चित्रकार बघा. स्वस्तातला."

स्वस्तातला म्हणून आला तो बोर्डवाला.

बोर्डवाला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की लिहिता-वाचता न येणारेही थांबून बघत. पण एकदा चपलांच्या दुकानावर 'मोफत दुरुस्ती' लिहायला शिडीवर चढला, 'मोफत' लिहून झालं आणि शिडी सरकली. खाली ताडपत्री होती, हाड मोडलं नाही. पण त्याला उठवून पाणी पाजेपर्यंत निम्मं दुकान लोकांच्या पायांतून घरोघर पोचलं होतं.

"तुम्हाला कुठल्या मिळाल्या?" बायकोने विचारलं.

"काळ्या. जरा चावायच्या."

त्या दिवसापासून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की बोर्डवाल्याचे गुडघे एकमेकांवर आपटायचे. नुसते थरथरायचे नाहीत, आवाज यायचा. त्यामुळे आमच्याकडे तळमजल्यावर टेबल मिळालं तेव्हा त्याला स्वर्ग मिळाल्यासारखं झालं. स्वर्ग आणि तोही जमिनीवर. पहिल्याच दिवशी त्याने टेबल दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हललं नाही. मग मला म्हणाला, "फुगेवाल्या, हे टेबल गेलं तर मी गेलो बघ."

फुगेवाला म्हणजे मी. चित्रांतली माणसं बोलतात ते त्यांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांत लिहायचं, हे माझं काम. कथाही मीच रचायचो. आणि ही, म्हणजे माझी बायको, तेव्हा माझी कोणी नव्हती. मागच्या खोलीत छापून आलेल्या अंकांना पिना मारायची. मी दारावरून गेलो की पिना जरा जोरात मारायची.

"तिथे माशा फार होत्या," बायको म्हणाली.

तर पहिला अंक. बोर्डवाल्याने वज्रमुठ्या काढला. जबडा असा की त्यावर कपड्यांना इस्त्री करावी. छाती म्हणजे कपाटाची दोन दारं. आणि पहिल्याच पानावर तो दरोडेखोराला ठोसा मारतोय. फक्त ठोशात मूठ नव्हती. अंगठा वर, तीन बोटं मिटलेली आणि एक बोट सरळ पुढे.

झालं होतं असं की बोर्डवाल्याने जन्मभर एकच हात रंगवला होता. 'दवाखाना पहिल्या मजल्यावर', 'प्रवेश इकडून' अशा पाट्यांवरचा, दिशा दाखवणारा. त्यासाठी त्याच्याकडे पत्र्याचा साचा होता. साचा ठेवायचा, रंग फासायचा, हात तयार. साचा सुटला तरी सवय सुटली नाही. वज्रमुठ्या दरोडेखोराच्या नाकाकडे बोट दाखवत होता आणि दरोडेखोर, कोसळता कोसळता, जिन्याकडे.

"हा ठोसा आहे का चौकशी?" मालकांनी विचारलं.

"दुरुस्त करतो, मालक."

दुरुस्त केलं. आता वज्रमुठ्याचे दोन्ही हात वरच्या मजल्याकडे बोट दाखवत होते.

तिकडे यंत्रावर कागद चढलेला, यंत्रवाला दारात उभा राहून दर थोड्या वेळाने खाकरतोय. बोर्डवाल्याच्या कपाळावर घाम. मी म्हणालो, "मालक, हात खिशात घालू."

"वज्रमुठ्याच्या मुठी? खिशात?"

"लोकांची उत्सुकता वाढेल."

आणि मी तिथल्या तिथे फुग्यात लिहिलं: 'मी हात बाहेर काढला, तर हे शहर उरणार नाही.' असं वाक्य माणसाला आयुष्यात एकदा सुचतं. मला सुचलं, आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्याच वाक्यातून निघाल्या.

"मग तो मारामारी कशी करायचा?" नातीने विचारलं. पेन्सिल तिने केव्हाच खाली ठेवली होती.

खांद्याने. डोक्याने. बरेचदा नुसत्या नजरेने. दार उघडायचं असलं की दाराला पाठ लावून ढकलायचा. खलनायक म्हणायचे, "हिंमत असेल तर हात काढ." तो म्हणायचा, "आज नको." आणि इतक्या शांतपणे म्हणायचा की खलनायकांची बोबडी वळायची.

प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. त्या अख्ख्या शहरात कोणाचाच हात दिसून चालणार नव्हता. पोलिसांचे हात कायम पाठीमागे. मास्तर उभे राहायचे ते छातीपर्यंत उंच टेबलाच्या मागे. दरोडेखोर बॉक्सिंगचे हातमोजे घालून बँक लुटायचे, त्यामुळे त्यांना नोटा उचलता यायच्या नाहीत आणि निम्मे दरोडे आपोआपच फसायचे. नायिका बिचारी पहिल्या अंकापासून कणीक मळत होती. वादळात, तुरुंगात, बुडत्या जहाजावर, जिथे असेल तिथे कोपरापर्यंत परातीत. एकदा खलनायकाने तिला कड्यावरून खाली लोटलं, तर वेणी झाडाला अडकून लोंबकळत राहिली, पण परात सोडली नाही.

"तिची पत्रं यायची," बायको म्हणाली. "एवढ्या कणकेचं करते काय, म्हणून."

पत्रं सगळ्यांचीच यायची. वज्रमुठ्याच्या खिशात आहे तरी काय, हा एकच प्रश्न. कोणी लिहायचं विजा आहेत. कोणी लिहायचं हात नाहीतच, नुसत्या बाह्या आहेत. एका मुलीने लिहिलं होतं की त्याने नखं कापलेली नसणार आणि त्याची आई तापट असणार. मला ते सगळ्यात पटलं होतं.

आणि मग शहराला वेड लागलं. पोरं खिशात हात घालून चालायला लागली. मास्तरांनी "हात पुढे कर" म्हटलं की पोरगं म्हणायचं, "आज नको." फुटबॉलच्या सामन्यात एका गोलरक्षकाने शेवटपर्यंत खिशातले हात काढले नाहीत, सगळे चेंडू पोटावर घेतले, संघ जिंकला आणि तो आठवडाभर सरळ होऊ शकला नाही. मग मोठी माणसंही तशीच फिरायला लागली. ज्यांना खिसे नव्हते ते शिंप्याकडे धावले. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर लोक एकमेकांना हनुवटीने नमस्कार करायचे.

एके दिवशी मालकांच्या खोलीत चार सभ्य गृहस्थ आले. कपडे परीटघडीचे, बोलणं मऊ.

"साहेब, आम्ही खिसेकापू," त्यांतला वयस्क म्हणाला.

मालकांनी पाकीट घट्ट धरलं.

"घाबरू नका, आज सुट्टीवर आहोत. गाऱ्हाणं घेऊन आलोय. शहरातल्या प्रत्येक खिशात आता ज्याचा त्याचा हात असतो. परवा मी एकाच्या खिशात हात घातला, तर आत त्याने माझा हात हातात घेतला. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. माणूस चांगला होता, पण असा धंदा होत नाही. तुमच्या त्या वज्रमुठ्याला हात बाहेर काढायला सांगा, म्हणजे लोकही काढतील."

जाताना चौघांनी मालकांशी हात मिळवला. शेवटच्याने दारातून परत येऊन त्यांचं घड्याळ टेबलावर ठेवलं. "सवयीने झालं," म्हणाला.

"आजोबा, खिसेकापूंचं शिष्टमंडळ?" नात म्हणाली.

"का? त्यांना पोट नाही?"

मालक हुशार. खिसेकापू एवढ्या तळमळीने विचारतायत म्हणजे सगळं गाव विचारणार, हे त्यांनी ओळखलं. कोणालाही न विचारता त्यांनी मागच्या पानावर छापून टाकलं: 'पुढच्या अंकात वज्रमुठ्या हात बाहेर काढणार. पानभर चित्र.' आम्हाला कळलं ते अंक बाजारात गेल्यावर.

बोर्डवाला ते पान हातात धरून मालकांसमोर उभा राहिला. मी त्याच्या मागे, जरा जास्तच मागे.

"मालक, मला हात येत नाही."

"येत नाही म्हणजे? तुम्हाला स्वतःला दोन आहेत."

"आहेत, पण काढता येत नाहीत."

"हे बघा बोर्डवाले, लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली आहे. त्या पानावर हात दिसला नाही, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्या मेहुण्याकडे कामाला."

मेहुण्याकडे सिनेमाचे अवाढव्य बोर्ड रंगवायचं कंत्राट होतं. माणसांच्या कमरेला दोर बांधून तो त्यांना पाच मजली परांचीवर चढवायचा.

"पाच मजले?" बोर्डवाल्याने विचारलं.

"वर वारा छान असतो," मालक म्हणाले.

बोर्डवाल्याचे गुडघे जमिनीवरच वाजायला लागले.

मग सुरू झाली आमची खटपट. मी मूठ आवळून त्याच्यासमोर बसलो. तो माझ्या मुठीकडे बघायचा, जीभ दातात धरायचा, काढायचा, आणि मुठीतून अलगद एक बोट बाहेर यायचं. यंत्रवाल्याची मूठ बसवली, पहारेकऱ्याची बसवली, टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला अडकवून ठेवलं. सगळ्यांच्या मुठी चित्रात गेल्या की रस्ता दाखवायच्या. मी बोर्डवाल्याच्या पहिल्या बोटाला सुतळी गुंडाळली, म्हटलं निदान या बोटाचा विसर पडेल. पडला. आता चित्रात मधलं बोट पुढे यायला लागलं, आणि ते मुलांच्या मासिकात छापण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, बटाटा ठेव समोर, बटाटा काढ, आपण त्यालाच मूठ म्हणू. बटाटा अप्रतिम आला. त्यावरचे डोळेसुद्धा आले. मालकांनी बघितलं आणि विचारलं, हा भाजी कधीपासून विकायला लागला?

शेवटचा दिवस उजाडला. बाकीचा अंक छापून झाला होता, हे एक पान कोरं होतं. दुपारी मालक ते न्यायला येणार होते आणि सोबत मेहुणा येणार होता, दोर घेऊन, कमरेचं माप बघायला. बोर्डवाला कोऱ्या पानासमोर बसला होता. रडत नव्हता. टेबलाची कड धरून बसला होता, हलत्या नावेत बसतात तसा.

"फुगेवाल्या, पाचव्या मजल्यावरून माणसं केवढी दिसतात रे?"

"मुंग्यांएवढी."

टेबलाची कड न सोडता पुढे म्हणाला, "आणि मुंग्यांना वरचा माणूस दिसतो का?"

मी रद्दीच्या कागदावर एक फुगा काढला आणि तो कोराच राहिला. फुगे भरणाऱ्या माणसावर ही पाळी फार वाईट.

तेवढ्यात जिन्यावर मालकांचा आवाज आला. मागोमाग मेहुण्याचे जाड बूट. बोर्डवाल्याने डोळे मिटून घेतले. आता, अशा प्रसंगी साधा माणूस काय करेल? हातपाय गाळेल. मी शांतपणे उठलो. शाईची ताटली पुढे ओढली, उजवा तळहात त्यात बुडवला, आणि त्या कोऱ्या पानाच्या मधोमध असा दाणकन मारला की टेबल हादरलं, ताटली उलटली आणि दारात आलेला मेहुणा दोन पावलं मागे सरला.

वाटाण्यांचा आवाज थांबला. मी तिकडे बघायचं टाळलं.

हात उचलला, तर पानावर हात. खराखुरा. पाचही बोटं फाकलेली, रेषा न् रेषा उठलेली. कुठल्याच मजल्याकडे बोट दाखवत नव्हता. थेट बघणाऱ्याच्या अंगावर येत होता, जणू कागदाच्या आतून कोणीतरी दार ढकलतंय.

मालक पुढे आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा हात खिशातून काढला, त्यांनाही ती खोड लागली होतीच, आणि त्या हातावर ठेवला. शाई ओली होती. उचललेला तळहात त्यांनी उलटासुलटा करून बघितला.

"बोर्डवाले," ते म्हणाले, "तुम्हाला हात येतो की."

बोर्डवाल्याने एक डोळा उघडला.

"दोर घेऊन जा," मालक मेहुण्याला म्हणाले. "हे खालीच बसतील."

तो अंक तुम्हाला जगात कुठेही मिळणार नाही. कारण ज्याच्या त्याच्या घरी पोरांनी त्या पानावर आपला हात ठेवून बघितला. ज्यांचा लहान पडला ती रडली, ज्यांचा मोठा भरला त्यांनी गल्लीभर मिरवलं, आणि ठेवून ठेवून पान झिजून गेलं. लोकांचे हात खिशांतून बाहेर आले, खिसेकापू पुन्हा कामाला लागले. वज्रमुठ्याचं मात्र अवघड झालं. हात काढला तर शहर उरणार नाही, असं मीच लिहून बसलो होतो. शब्द पाळायचा म्हणून पुढच्या अंकात शहर नव्हतं. सपाट जमीन, मधोमध वज्रमुठ्या, वाचवायला कोणी नाही. दोन-चार पानं तो नुसता इकडे तिकडे चालला, मग हात परत खिशात घातले आणि संपला. असा इतिहास आहे त्याचा. मालकांनी लगेच दुसरा नायक काढला, मत्स्यवीर. खवले, शेपूट, पर. हातांचा संबंध नाही. बोर्डवाल्याने त्याच टेबलावर बसून तो म्हातारा होईपर्यंत काढला. नीट बघितलं तर माशाचा एक पर किंचित दिशा दाखवायचा, पण पाण्यात कोण बघतंय.

"आणि तुमच्या हाताची शाई?" नातीने विचारलं. "ती निघाली?"

"छापखान्याची शाई ती, निघते कसली. साबण झाला, रॉकेल झालं, दगडाने घासून झालं. पुढे आमचं लग्न झालं तरी हात तसाच. लग्नाच्या फोटोतसुद्धा बघ, एक हात काळाकुट्ट दिसतो. लोकांना वाटतं फोटोवाल्याची चूक."

नात उठली. आतल्या खोलीत जाऊन भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली, चुरगाळलेले कागद बाजूला सारून टेबलावर ठेवला, काच बाहीने पुसली आणि वाकून बघितलं.

"आजोबा, हा काळा हात तर आजीचा आहे."

मी चष्मा शोधायला लागलो.

"मग कोणाचा असणार?" बायको म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. "जिन्यावर मालकांचा आवाज आला तेव्हापासून हे टेबलाखाली होते."